गड, सुभा आणि जाब विचारणारा

१७४१ साली भास्करराम कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन रतनपूरच्या तटाखाली येऊन उभा राहिला, तेव्हा छत्तीसगडच्या हैहय राजाने लढाई दिली नाही. तोफांनी वाड्याचा एक भाग पडू लागल्यावर राणीने तटावर चढून तहाचे निशाण दाखवले, दरवाजे उघडले गेले आणि शहरावर एक लाख रुपयांची खंडणी बसली. चिझम या इंग्रज अधिकाऱ्याने १८६८ साली बिलासपूर जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल लिहिला, तेव्हा कल्याणसाय राजाच्या काळातली मानली जाणारी एक जुनी हिशेबवही त्याने वापरली होती. त्या वहीप्रमाणे या राज्याचे सैन्य १४,२०० होते. त्यात तलवारवाले २,०००, कट्यारवाले ५,०००, बंदूकवाले ३,६००, तिरंदाज २,६०० आणि स्वार १,०००. शिवाय हत्ती ११६. वही १७४१च्या बरीच आधीची, म्हणून हे आकडे जसेच्या तसे धरता येणार नाहीत. पण निम्मे कमी केले, तरी सात हजार माणसे उरतात. ती कुठे होती? या प्रश्नाचे उत्तर रतनपूरच्या तटापेक्षा रायपूर, राजिम, लवन, दुर्ग या ठिकाणी शोधावे लागते, कारण ती माणसे राजाची नव्हतीच. ती गडांची होती. आणि गड ज्यांच्या हातात होते, त्यांना राजासाठी घर सोडून येण्याचे कारण कित्येक पिढ्यांत कोणी दिले नव्हते.

छत्तीसगडची जुनी रचना गडांची. शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूरचे अठरा गड, दक्षिणेला रायपूरचे अठरा. रायपूरच्या बाजूला पाटण, सिमगा, लवन, दुर्ग, राजिम, फिंगेश्वर, सिरपूर, खल्लारी अशी नावे येतात. एका गडाखाली आदर्श म्हणून चौऱ्याऐंशी गावे, त्यांचे बारा-बारा गावांचे सात तुकडे. गडावर दिवाण किंवा ठाकूर, बारा गावांवर दाऊ, गावावर गौंटिया. सी. यू. विल्स याने १९१९ साली या व्यवस्थेवर एक दीर्घ निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की ही उतरंड कोण्या राजाने वरून बसवलेली नाही; ती खालून, टोळ्यांच्या आणि कुळांच्या वस्तीतून वाढत आली आणि रजपूत राजघराणे तिच्या माथ्यावर नंतर येऊन बसले. मला हे मत बरोबर वाटते. रायपूरची शाखा ही रतनपूरची धाकटी पाती. ब्रह्मदेव राजाच्या काळातला पंधराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख रायपूरचा आहे, आणि खल्लारीला त्याच राजाच्या काळात, १४१५च्या सुमारास, देवपाल नावाच्या एका मोच्याने नारायणाचे देऊळ बांधल्याची नोंद दगडावर आहे. म्हणजे गडावरचे जीवन आपल्या पायावर उभे होते. तिथे पैसा होता, देवळे बांधण्याची ऐपत होती, प्रतिष्ठा होती. राजाकडून गडाला मिळण्याजोगे मात्र फारसे काही नव्हते. या शाखेच्या अखेरच्या लेखांपैकी एक म्हणजे अमरसिंहाचा आरंगचा ताम्रपट, संवत १७९२चा. त्यात राजा काय देतो? काही करांतून सूट. मराठ्यांची फौज येण्याच्या पाचसहा वर्षे आधी रायपूरचा राजा आपल्या माणसांना बांधून ठेवण्यासाठी आपलाच हक्क सोडून देत होता.

या तर्काला एक जुना आक्षेप आहे आणि तो हलका नाही. रतनपूरचा राजा रघुनाथसिंह म्हातारा होता, त्याचा मुलगा नुकताच वारला होता, दुःखाने त्याचे राज्यात लक्ष नव्हते. हरला तो एक खचलेला बाप. त्यात व्यवस्थेचा दोष शोधण्याचे कारण काय? रतनपूरपुरते हे मानता येईल. पण रायपूरला तर शोक नव्हता. तिथे अमरसिंह गादीवर होता, आणि भास्कररामाने त्याला हातही लावला नाही. १७४४ साली बंगालमध्ये अलिवर्दीखानाने भास्कररामाला दग्याने मारले, तेव्हा रघुनाथसिंहाने पुन्हा डोके वर काढले आणि पुढच्या वर्षी रघुजी भोसल्याने त्याला काढून मोहनसिंहाला बसवले. या सगळ्या घालमेलीत रायपूरचे अठरा गड हलले नाहीत. १७५० साली अमरसिंहालाही बाजूला करण्यात आले. रायपूर, राजिम, पाटण एवढे परगणे वर्षाला सात हजार रुपये भरण्याच्या अटीवर त्याच्याकडे राहिले. तो १७५३ साली गेला, तेव्हा मुलगा शिवराजसिंह तीर्थयात्रेला गेलेला होता आणि परत येईपर्यंत तेही जप्त झाले. पुढे त्याच्या वाट्याला बडगावसह पाच गावे इनाम आणि रायपूर परगण्यातल्या दर गावामागे एक रुपया एवढेच आले. साडेतीनशे वर्षांच्या राजघराण्याचा असा शेवट होत असताना एकाही गडावर त्याच्या बाजूने तलवार उपसली गेल्याची नोंद नाही. एका बापाच्या शोकाने हे सगळे उलगडत नाही. गडकऱ्याचे हित मातीत घट्ट रुतलेले होते, पण वरून त्याला जाब विचारणारा कोणी उरला नव्हता. ज्याला कोणी जाब विचारत नाही, त्याला कोणाच्या हाकेला ओ देण्याचेही बंधन वाटत नाही.

मराठी राज्यविचाराला हा धोका नवा नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जे प्रकरण आहे, ते याच भीतीने लिहिलेले आहे: वतनदार हे राज्यातले छोटे राजेच असतात, त्यांना ना मोडता येते ना मोकळे सोडता येते. शिवाजी महाराजांनी शक्य तिथे रोख पगार देऊन आणि गडावर अधिकार वाटून देऊन तो धोका आवरला. राजारामाच्या काळात मोगलांशी झुंजताना सरंजाम देणे भाग पडले आणि वाट बदलली. नागपूरकर भोसले हे त्या बदललेल्या वाटेचेच प्रवासी. रघुजी स्वतः शाहू छत्रपतींचा सेनासाहेबसुभा, म्हणजे एका मोठ्या धन्याचा सरदार. भास्करराम त्या सरदाराचा सरदार. छत्तीसगड जिंकणाऱ्यांना मांडलिकपण म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. म्हणून त्यांनी इथे काय केले हे पाहणे मोलाचे ठरते, आणि त्यांनी एकापाठोपाठ दोन अगदी वेगळ्या गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट बिंबाजीची. १७५५ साली रघुजी वारल्यावर मुलांत वाटणीचा वाद झाला आणि छत्तीसगड बिंबाजीच्या वाट्याला आले. १७५८ साली मोहनसिंह गेल्यानंतर तो रतनपूरला येऊन राहिला तो १७८७ साली मरेपर्यंत. एकोणतीस वर्षे. नावाला तो नागपूरचा ताबेदार, पण फौज त्याची, दरबार त्याचा. रतनपूर आणि रायपूर ही दोन राज्ये त्याने एका कारभाराखाली आणली. गडकऱ्यांना आणि जमीनदारांना त्याने उखडून टाकले नाही. त्यांच्याकडून टाकोळी, म्हणजे ठरलेली वार्षिक रक्कम, घ्यायची आणि आत त्यांचे त्यांना चालवू द्यायचे, ही रीत त्याने ठेवली. मात्र रक्कम प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे आणि गरजेप्रमाणे वेगळी. कांकेरच्या राजाकडून मराठे पैशापेक्षा माणसे मागत: बोलावणे येताच पाचशेची तुकडी हजर करायची. बस्तरमध्ये दर्यावदेव आणि अजमेरसिंह या भावांत गादीचा झगडा लागला, तेव्हा मराठ्यांनी दर्यावदेवाला मदत केली आणि १७७८च्या कोटपाडच्या तहाने वर्षाला ५९,००० रुपये टाकोळी त्याच्यावर बसवली. डोंगरगडचा जमीनदार मराठ्यांवर उठला, तेव्हा ते बंड मोडणाऱ्या खैरागड आणि नांदगाव या दोन शेजाऱ्यांनाच डोंगरगड वाटून मिळाले. हे शेवटचे उदाहरण कठोर आहे, पण भोसल्यांची अक्कल त्यात दिसते. बंडखोराची जमीन सरकारजमा केली असती तर सगळे जमीनदार एक झाले असते. ती शेजाऱ्यांना दिल्यावर ते एकमेकांवर नजर ठेवू लागले.

पण हे सगळे डावपेच नागपुरात बसूनही करता आले असते. बिंबाजीचे वेगळेपण त्याच्या मुक्कामात होते. तो रतनपूरला राहत होता, तिथे त्याने न्यायाची कचेरी ठेवली, रामटेकडीवर रामाचे देऊळ बांधले, आणि रायपूरच्या दूधाधारी मठाशीही त्याचे नाव जोडलेले आहे. दसऱ्याला सोने वाटण्याची आपली चाल रतनपूरला त्यानेच सुरू केली, असे तिकडे मानतात. विजयादशमीच्या दिवशी जमीनदार आणि मानकरी धन्यासमोर येऊन पान घेतात, याला केवळ सण म्हणून सोडून देऊ नये. वर्षातून एकदा प्रत्येकाने हजर राहायचे, आणि कोण आला नाही हे सगळ्यांनी पाहायचे. हैहयांच्या अखेरच्या काळात नेमके हेच नाहीसे झाले होते. जपानमध्ये १६३५ साली शोगुन इएमित्सूने सरंजामदारांना एक वर्षाआड एदो शहरात राहण्याची सक्ती केली आणि त्यांची बायकामुले कायमची तिथे ठेवून घेतली; अडीचशे वर्षे ती राजवट टिकण्यात या नियमाचा वाटा मोठा मानतात. बिंबाजीकडे तेवढी ताकद नव्हती आणि तेवढा कडकपणाही त्याने केला नाही. पण तत्त्व एकच: मांडलिकाला वारंवार धन्यासमोर उभे राहावे लागले पाहिजे, आणि धनी तिथे सापडला पाहिजे. यात रयतेचाही फायदा होता. जमीनदाराने छळले तर त्याच्या वरचा माणूस दोन-चार दिवसांच्या चालीवर होता.

राज्य सांभाळण्याचे जे खेळ आज टेबलाभोवती बसून खेळले जातात, त्यांत मांडलिकाच्या किंवा सरदाराच्या नावापुढे निष्ठेचा एक आकडा लिहिण्याची पद्धत आहे. फासे टाकायचे आणि तो टिकतो की फिरतो हे ठरवायचे. खेळापुरते ते सोयीचे आहे. पण इतिहास लिहितानाही आपण नकळत तसेच करतो. अमुक सरदार इमानी, तमुक फितूर, असे शिक्के मारून मोकळे होतो. रायपूरच्या गडकऱ्यांना फितूर म्हणावे, तर ते कोणाला विकले गेले नव्हते. इमानी म्हणावे, तर ते जागचे हलले नाहीत. त्यांच्या जागी दुसरे बसवले असते, तर तेही तसेच वागले असते. ही गोष्ट सर्वांत स्पष्ट होते ती बिंबाजीनंतरच्या तीस वर्षांत, कारण तेव्हा माणसे बदलत गेली आणि परिणाम मात्र तोच राहिला.

भोसल्यांनी केलेली दुसरी गोष्ट इथे सुरू होते. बिंबाजीला मुलगा नव्हता. छत्तीसगड त्याच्या पुतण्याकडे, व्यंकोजीकडे गेले, आणि व्यंकोजीने कारभार नागपुरातूनच चालवला. त्याच्या वतीने रतनपूरला सुभेदार येऊ लागले: महिपतराव दिनकर, विठ्ठल दिनकर, भवानी काळू, केशव गोविंद आणि पुढचे. बिंबाजीची विधवा आनंदीबाई जिवंत होती तोवर तिचा वचक सुभेदारांवर राहिला. तिच्याशी त्यांचे खटके उडत, पण ती रतनपूरलाच होती, हे महत्त्वाचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तीही गेली आणि मधले कोणी उरले नाही. सुभेदारी रकमेवर मिळू लागली. जो नागपुरात जास्त भरील त्याला सुभा. किती दिवस राहील याची शाश्वती नाही. म्हणून आल्या दिवसापासून वसुली. त्यातच १८०३च्या देवगावच्या तहाने भोसल्यांच्या हातून कटक गेले. तिथले उत्पन्न बुडाले, नागपूरची गरज वाढली, आणि उरलेल्या प्रांतांवर ती येऊन पडली. गडकऱ्याचे हित मातीत होते पण त्याच्या डोक्यावर कोणी नव्हते. सुभेदाराचे उलटे झाले: डोक्यावर नागपूर होते, पण नागपूरचा प्रश्न एकच, रक्कम पोचली का? इथल्या मातीत सुभेदाराचे काहीच नव्हते. गाव उजाड झाले तर पुढच्या सुभेदाराचे नुकसान.

विठ्ठल दिनकराविषयी मात्र थांबून सांगायला हवे, कारण तो या नियमाला अपवाद वाटतो आणि खरे तर तोच नियम सिद्ध करतो. १७९० ते १७९६ या काळात त्याने गडांची जुनी विभागणी मोडून परगणे पाडले आणि दर परगण्यावर कमाविसदार बसवला. फडनवीस आणि बरारपांडे हिशेबाला आले, गावात पटेल हे नवे पद आले. दिवाण, दाऊ ही मधली घराणी यात बाजूला पडली. १७९५ साली ब्लंट हा इंग्रज अधिकारी या प्रांतातून गेला. त्याला रतनपूर ओसरलेले दिसले आणि रायपूर मात्र सुमारे तीन हजार घरांचे, भरभराटीचे गाव दिसले. विठ्ठलपंत कर्तबगार होता यात मला शंका नाही. पण त्याने बांधलेले यंत्र त्याच्यानंतरही तसेच चालले, आणि ज्यांच्या हाती ते पडले त्यांनी ते पिळण्यासाठी वापरले. पूर्वी दाऊला बारा गावांत पिढ्यानपिढ्या राहायचे होते. लोकांना त्याला तोंड द्यावे लागे. कमाविसदाराला तसे बंधन नव्हते. मधली घराणी काढली, पण त्यांची जागा घेणारा, रयतेला गाठता येईल असा धनी जवळ ठेवला नाही. चांगला सुधारक गेल्यावर उरली ती सोपी झालेली वसुली.

१८१८ साली आप्पासाहेब भोसल्याला पदच्युत करून इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सने अल्पवयीन राजाच्या नावाने कारभार हातात घेतला. छत्तीसगडला अधीक्षक म्हणून ॲग्न्यू आला आणि त्याने मुख्य ठिकाण रतनपूरहून रायपूरला हलवले. आज रायपूर राजधानी आहे, त्याची सुरुवात इथे आहे. त्याने जमीनदारांशी लेखी करार केले, दरोडेखोरांना आसरा न देण्याची हमी घेतली आणि परगण्यांची संख्या घटवून कारभार आटोपशीर केला. १८०९ साली ज्याचे राज्य काढून घेतले गेले होते, त्या कांकेरच्या राजाला ते पाचशे रुपये टाकोळीवर परत मिळाले. ॲग्न्यू १८२५पर्यंत इथेच होता. म्हणजे बिंबाजी आणि आनंदीबाई यांच्यानंतर प्रथमच जाब विचारणारा माणूस प्रांतात राहत होता. पण या जाबाला एकच दिशा होती. जमीनदार रायपूरला उत्तर देई. रायपूर खालच्या कोणाला उत्तर देत नव्हते. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर ही उणीव उघडी पडली. १८५६च्या दुष्काळात सोनाखानचा जमीनदार नारायणसिंह याने एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून भुकेल्या लोकांना वाटले आणि तसे स्वतः रायपूरच्या डेप्युटी कमिशनरला कळवले. ही गडकऱ्याची जुनी वागणूक होती: माझी माणसे उपाशी आहेत, तर आधी ती. कचेरीच्या लेखी ती चोरी ठरली. त्याला रायपूरच्या तुरुंगात टाकले, तो ऑगस्ट १८५७मध्ये निसटला, आणि त्याला पकडताना इंग्रजांना आजूबाजूच्या जमीनदारांनीच साथ दिली. डोंगरगडचा धडा इंग्रजांनीही गिरवला होता. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात नारायणसिंहाला फाशी देण्यात आली.

शेवटचा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात असणारच, आणि तो रास्त आहे. सुभेदारांच्या जुलमाचे हे चित्र आपल्याला दिले कोणी? ॲग्न्यूने १८२० साली, जेन्किन्सने १८२७ साली, पुढे चिझम आणि हेविट या अधिकाऱ्यांनी. आपण आलो म्हणून सुखाचे दिवस आले, हे सांगण्यात या सगळ्यांचा स्वार्थ होता. तो वजा करूनच त्यांचे वाचन केले पाहिजे. पण वजा करतानाही दोन गोष्टी उरतात. पहिली, हेच लेखक बिंबाजीविषयी बरेच बरे लिहितात. सरसकट मराठ्यांची निंदा करायची असती तर त्यालाही सोडले नसते. दुसरी, ॲग्न्यूने विठ्ठल दिनकराचे परगणे मोडले नाहीत, ते कमी करून चालवले. ज्या सुभ्याला तो लुटारू म्हणतो, त्याच सुभ्याची चौकट त्याने उचलली. म्हणून मी असे म्हणेन की मराठी कारभाराच्या रचनेत खोट नव्हती. धनी नागपुरात बसून राहिला आणि सुभा रकमेवर विकू लागला, इथे खोट होती. दोष केशव गोविंदाच्या किंवा त्याच्यानंतरच्यांच्या माथी मारून व्यंकोजीला आणि तेव्हा नागपूरच्या गादीवर असलेल्या दुसऱ्या रघुजीला मोकळे सोडणे मला मान्य नाही. तरीही या निकालाची मराठी बाजू अजून मराठी कागदांतून पुरती मांडली गेलेली नाही. यादव माधव काळे यांनी नागपूर प्रांताचा इतिहास लिहिला, त्याला नव्वदहून अधिक वर्षे झाली. कमाविसदारांचे ताळेबंद, बरारपांड्यांच्या वह्या, टाकोळीच्या पावत्या मोडीत लिहिल्या जात होत्या, आणि मोडी वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. रायपूरच्या तात्यापाऱ्यात, बिलासपुरात, नागपुरात ज्या मराठी घरांत पूर्वजांची बाडे असतील, त्यांनी ती वाळवीला देऊ नयेत. मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाला दाखवावीत, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.